सोबत हवी, तर तयारी दोघांचीही हवी

पाठीवर सॅक टाकून मित्रासोबत किंवा मैत्रिणीसोबत युरोपातली शहरे पाहायला निघणाऱ्या तरुणांची तयारी मी जवळून पाहत आलो आहे, आणि असे प्रवास कुठे अडतात तेही. त्यातून माझे एक मत पक्के झाले आहे. बहुतेक जोड्या कामे वाटून घेतात. एकजण गाड्यांचे बघतो, दुसरा हॉस्टेलचे. सगळी बुकिंग एकाच्या मोबाइलमध्ये, सगळा खर्च दुसऱ्याच्या कार्डावर. घरचेही 'दोघे आहेत ना, मग काळजी नाही' म्हणून निर्धास्त होतात. ही वाटणी शहाणपणाची वाटते खरी, पण तिच्यामुळे दोघांपैकी एकाचीही तयारी पूर्ण होत नाही. एकाचे काही बिघडले, की दुसराही जागच्या जागी अडकतो. म्हणून माझे सांगणे असे, की दोघांनी जरूर जावे, पण वेळ आली तर कोणीही एकजण उरलेला प्रवास एकट्याने पुरा करू शकेल अशी तयारी दोघांनीही करावी. मैत्री शाबूत ठेवून परतण्याचा खात्रीचा मार्गही हाच आहे.

याचे पहिले कारण कागदपत्रांत आहे. शेंगेन क्षेत्रात आज २९ देश आहेत आणि त्यांचा व्हिसा ज्याचा त्याला मिळतो; दोघे मित्र म्हणून एक अर्ज करता येत नाही. प्रत्येकाला स्वतःचे बँक स्टेटमेंट, किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय विमा संरक्षण आणि राहण्याच्या जागेचा पुरावा जोडावा लागतो. हॉस्टेलचे बुकिंग एकाच्याच नावावर असेल, तर दुसऱ्याच्या अर्जात तो पुरावा लंगडा पडतो. त्यामुळे बुकिंग करतानाच दोघांचीही नावे घालावीत. व्हिसा हातात आला की स्टिकरवर किती वेळा प्रवेशाची मुभा आहे ते आधी वाचावे. २०२४ पासून भारतीयांसाठी नियम असा आहे, की आधीच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा घेऊन ते नीट वापरलेल्याला दोन वर्षांचा, अनेकदा ये-जा करण्याचा व्हिसा मिळू शकतो. याचा अर्थ, एकाच मार्गाने, एकाच तारखांना जाणाऱ्या दोघांपैकी एकाच्या व्हिशावर कितीही वेळा प्रवेश आणि दुसऱ्याच्या व्हिशावर एकच, असे सहज घडू शकते. मग पॅरिसहून युरोस्टारने लंडनला जाऊन परत ॲमस्टरडॅमला यायचा बेत पहिल्याला जमतो. दुसऱ्याजवळ ब्रिटनचा वेगळा व्हिसा असला, तरी शेंगेनबाहेर पडताच त्याचा एकमेव प्रवेश संपलेला असतो. बेत दोघांचा असला, तरी नियम प्रत्येकाला वेगळा मोजतो.

महाराष्ट्रातून जर्मनीत शिकायला गेलेली मुले आता पुष्कळ आहेत, आणि पुण्या-मुंबईहून येणाऱ्या मित्राला घेऊन युरोप पाहणे हा त्यांचा आवडता बेत. इथे तफावत आणखी वाढते. पर्यटक म्हणून आलेल्याला १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा आणि त्यातही व्हिशावर लिहिलेलेच दिवस. विद्यार्थ्याकडे तिथला निवासी परवाना. आलेला मित्र युरेल हा रेल्वेचा पास घेतो, कारण तो युरोपाबाहेर राहणाऱ्यांसाठी आहे. तिथे राहणाऱ्या विद्यार्थ्याला इंटररेल घ्यावा लागतो, आणि राहत्या देशात त्यावर बाहेर पडण्याचा एक व परतण्याचा एक एवढाच प्रवास होतो. विद्यार्थी बहुधा २०२३ मध्ये सुरू झालेल्या डॉइचलांड तिकिटावर फिरत असतो. ते लोकल आणि रिजनल गाड्यांत चालते, आयसीई या वेगवान गाड्यांत चालत नाही. म्युनिकहून व्हिएन्नाला निघताना पासवाला थेट रेलजेटमध्ये बसू शकतो. डॉइचलांड तिकीटवाला रिजनल गाडीने साल्झबुर्गपर्यंतच जातो आणि पुढचे तिकीट वेगळे काढतो. हे आधी माहीत असेल, तर दोघे वेगवेगळ्या गाड्यांनी जाऊन संध्याकाळी व्हिएन्नात भेटतील. फलाटावर कळले, तर नको तेवढे पैसे जातील किंवा शब्दाने शब्द वाढेल.

दुसरे कारण मोबाइलचे आहे. युरेलचा पास आता फोनवर असतो आणि दोघांचे पास एकाच फोनमध्ये ठेवण्याचीही सोय आहे. शिवाय एकच सिम घेऊन दुसऱ्याने हॉटस्पॉटवर भागवायचे, ही काटकसर तर सर्रास चालते. गर्दीच्या स्टेशनात दरवाजे बंद होतात, एकजण आत आणि दुसरा फलाटावर, एवढे घडले की या काटकसरीचा हिशेब होतो. आतल्याकडे दोघांची तिकिटे. बाहेरच्याकडे तिकीट नाही, नेट नाही आणि रात्री राहायच्या हॉस्टेलचा पत्ताही नाही. बर्लिनच्या मेट्रोला आत शिरताना फाटक नसते, पण तपासनीस साध्या कपड्यांत डब्यात येतात आणि वैध तिकीट न दाखवणाऱ्याला ६० युरो दंड करतात. तिकीट मित्राच्या फोनमध्ये आहे, हे सांगून त्या क्षणी सुटका होत नाही. २०१७ पासून युरोपीय संघातल्या एका देशाचे सिम इतर सदस्य देशांत जादा रोमिंग शुल्काशिवाय चालते, तेव्हा दोघांनी दोन सिम घेणे फार महाग नाही. स्वित्झर्लंड मात्र त्या नियमात येत नाही, म्हणून तिथे जाण्याआधी प्लॅन तपासावा.

पासपोर्टचेही तेच. बार्सिलोनाची ला रांब्ला किंवा पॅरिसची मेट्रो पाकीटमारांसाठी प्रसिद्ध आहे, आणि अशा ठिकाणी दोघांचे पासपोर्ट एकाच पाउचमध्ये ठेवणे म्हणजे एका चोरीत दोघांचा प्रवास संपवणे. पासपोर्ट गेला की त्यावरचा व्हिसाही जातो. पोलिसांत तक्रार द्यावी लागते, भारतीय दूतावास गाठावा लागतो, आणि तिथून तातडीचे प्रमाणपत्र मिळाले तर ते भारतात परतण्यापुरतेच असते. मग ज्याचा पासपोर्ट शाबूत आहे त्याने पुढे जायचे की सोबत परतायचे? हा प्रश्न दूतावासाच्या दारात सोडवू नये. तिथे 'तू जा' म्हणणाऱ्याच्या मनात राग राहतो आणि 'मी थांबतो' म्हणणाऱ्याच्या मनात खंत. घरून निघण्याआधी दोघांनी शांतपणे ठरवलेले असेल, तर दोघांवरचाही भार हलका होतो.

पैशांबाबत लोक संकोचतात, आणि मैत्रीत कटुता येते ती इथेच. कॉन्ट्री काढावी, पण ती खोलीभाडे आणि सामानाचे लॉकर अशा खरोखर सामाईक गोष्टींपुरती. एकाने हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात पास्ता उकडून खावा, दुसऱ्याने रेस्तराँत बसावे आणि शेवटी बेरीज करून दोन भाग करावेत, यात पहिल्यावर अन्यायच आहे. तो बोलत नाही, पण मनात धरतो. हिशेब रोज झोपण्याआधी मिटवावा. 'घरी गेल्यावर बघू' म्हटलेले पैसे मागताना जीभ अडखळते. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवे कार्ड सुरुवातीला फक्त देशातच चालते, परदेशातला वापर आपण स्वतः सुरू करावा लागतो. म्हणून दोघांनीही आपापली कार्डे निघण्याआधी तपासावीत, फॉरेक्स कार्डही प्रत्येकाचे वेगळे असावे. ओटीपी भारतीय नंबरवर येतो, तेव्हा तो नंबरही चालू राहील हे पाहावे.

वेळेची वाटणी हा या मुद्द्याचा सर्वांत आनंदाचा भाग आहे. व्हिएन्नाच्या मारिया थेरेसिया चौकात दोन जुळ्या इमारती समोरासमोर उभ्या आहेत, मध्ये त्या राणीचा पुतळा. एका बाजूला १८८९ मध्ये उघडलेले निसर्गविज्ञानाचे संग्रहालय. तिथे विलेनडॉर्फला सापडलेली, जेमतेम ११ सेंटिमीटर उंचीची पाषाणयुगीन स्त्रीमूर्ती आहे. समोर १८९१ चे कलासंग्रहालय. तिथे ब्रॉयगेलचा 'बाबेलचा मनोरा' भिंतीवर आहे. चित्रांपुढे तासन्‌तास उभा राहणारा आणि जीवाश्मांत रमणारा, अशा दोघांनी एकमेकांच्या मागे फरफटत जाऊन दोन्ही अर्धवट का पाहावीत? सकाळी आपापल्या दारात शिरावे, ठरल्या वेळी पुतळ्यापाशी भेटावे. दुपारी जेवताना दोघांजवळही एकमेकांना सांगण्यासारखे काही असते. हे साधायचे तर तिकीट ज्याचे त्याच्याकडे हवे. रोमच्या कलोसियमची किंवा ग्रानाडाच्या अल्हांब्राची तिकिटे तर नावानिशीच निघतात आणि दारात ओळखपत्र पाहिले जाते.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा आणि ओझ्याचा. दोघांचे एकत्र केले की स्वस्त पडते, हे खरेच आहे. बायर्न तिकिटावर पाच जणांपर्यंत मिळून बव्हेरियातल्या रिजनल गाड्यांत दिवसभर फिरता येते आणि माणसामागे खर्च उतरतो. असे तिकीट दिवसभर सोबतच राहायचे ठरले असेल त्या दिवशी अवश्य घ्यावे. सबंध प्रवास मात्र अशा एका कागदावर टांगू नये. ओझे दुप्पट होईल ही भीतीही फारशी टिकत नाही. दोघांकडे वेगळे हवेत ते चार्जर, प्लगचे अडॅप्टर, औषधे, कुलूप आणि कागदांच्या प्रती. त्यांचे वजन एका जीन्सपेक्षा कमी भरते.

दुसरा आक्षेप अधिक मनापासूनचा आहे: सगळे वेगळेच ठेवायचे, तर मित्राला न्यायचे कशाला? मी उलट विचारतो. ज्याच्याकडे तिकीट नाही, पैसे नाहीत, रस्ता माहीत नाही, तो दुसऱ्याच्या मागे चालतो तेव्हा त्याला सोबत म्हणावे की अवलंबून राहणे? आणि ज्याच्यावर सगळे अवलंबून असते, तो त्या प्रवासात मित्र कमी आणि टूर मॅनेजर जास्त होतो. दोघेही समर्थ असले, की एकत्र घालवलेला प्रत्येक तास नाइलाजाने नव्हे, आपखुशीने घालवलेला असतो.

तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि विशेषतः मुलींचे पालक तो घेतात. तो रास्त आहे. रात्री अनोळखी भागात वेगळे होऊ नये, आणि दिवसा वेगळे झाल्यास भेटीची जागा आणि वेळ आधी ठरवावी, हे मी आग्रहाने सांगतो. पण सोबत असणारी मैत्रीण आजारी पडली, तर तिला दवाखान्यात नेणारीला विमा कंपनीचा नंबर, तिच्या पॉलिसीची प्रत, हॉस्टेलचा पत्ता आणि सबंध युरोपीय संघात चालणारा ११२ हा आपत्कालीन क्रमांक माहीत असायला हवा. स्वतःच चाचपडणारी व्यक्ती दुसरीला आधार देऊ शकत नाही.

म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी दोघांनी समोरासमोर बसावे आणि एकमेकांना न विचारता कागदावर उत्तरे लिहावीत: कोणत्या रात्री कोणत्या शहरात, कोणत्या पत्त्यावर, पुढच्या शहराला कोणती गाडी आणि तिला आरक्षण लागते का, आपल्या व्हिशावर दिवस किती आणि प्रवेश किती, पासपोर्ट हरवला, आजार आला किंवा एकाला मध्येच परतावे लागले तर दुसरा काय करणार. ज्याचा कागद कोरा राहील, त्याला दुसऱ्याने तोंडी समजावून वेळ मारून नेऊ नये. त्याने स्वतः बसून ती माहिती काढावी, आपल्या फोनमध्ये आणि वहीत उतरवावी, आणि दोन्ही कागद पूर्ण भरल्यावरच सॅक भरायला घ्यावी.