तुम्ही किती प्रश्नांत सापडता?

विद्यार्थी मित्रांनो, आपण एक खेळ खेळू या. तुमच्या वर्गात ६४ विद्यार्थी आहेत असे समजा. त्यांपैकी एकाला मी मनात धरले. तुम्ही प्रश्न विचारायचे आणि मी फक्त 'होय' किंवा 'नाही' म्हणायचे. एकेक नाव विचारीत बसलात, तर ६३ प्रश्नही लागतील. पण 'तो हजेरीपटाच्या पहिल्या अर्ध्या भागात आहे काय?' असे विचारलेत, तर एका उत्तरात ३२ जण गळतील. पुढे १६, ८, ४, २ आणि १. सहा प्रश्नांत विद्यार्थी सापडला!

आता वर्गाऐवजी सारा भारत घ्या. लोकसंख्या १४० कोटींहून अधिक. तरी अचूक अर्धे-अर्धे भाग करणारे ३१ प्रश्न पुरतात, कारण २ चा ३१ वा घात २१४ कोटींहून मोठा आहे.

तुमच्याविषयीची प्रत्येक माहिती हे अशा काही प्रश्नांचे आयते उत्तर असते. कसे ते पाहू. आपल्या देशात सुमारे १९ हजार पिनकोड आहेत. म्हणजे सरासरीने एका पिनकोडमध्ये सुमारे ७४ हजार माणसे. शहरात जास्त, खेड्यात कमी. मुलगा की मुलगी हे कळले, की उरले ३७ हजार. जन्माचा दिवस व महिना कळला, की ३७ हजारांना ३६५ ने भागा. उरले सुमारे १००. हे शंभर जण तान्ह्या बाळापासून आजोबांपर्यंत सर्व वयांचे. जन्मवर्ष कळताच त्यांतून एक-दोघेच उरतात. आणि आपण नाव तर विचारलेच नाही!

हे केवळ कागदावरचे गणित नव्हे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात १९९० नंतरच्या दशकात सरकारी कर्मचाऱ्यांच्या औषधोपचारांच्या नोंदी संशोधनासाठी खुल्या केल्या गेल्या. नावे व पत्ते काढून टाकले होते. जन्मतारीख, लिंग व पिनकोडसारखा झिप कोड मात्र तसाच होता. लतान्या स्वीनी या विद्यार्थिनीने केंब्रिज शहराची मतदारयादी २० डॉलरला विकत घेतली आणि दोन्ही याद्या ताडून पाहिल्या. राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची जन्मतारीख असलेले सहा जण निघाले. त्यांत पुरुष तीन, आणि वेल्ड यांच्या झिप कोडमध्ये राहणारा एकच! गव्हर्नरांच्या आजारपणाची नोंद अशा रीतीने ओळखू आली. यादीतून नाव काढले म्हणजे ओळख पुसली गेली असे नाही.

आता हाच प्रयोग स्वतःवर करा. आईवडिलांना किंवा ताई-दादाला शेजारी बसवा. लॉग-इन न करता सर्च इंजिनमध्ये आपले पूर्ण नाव अवतरणचिन्हांत लिहून शोधा. देवनागरीत आणि रोमन लिपीतही. मग नावापुढे शाळेचे, गावाचे नाव जोडून पाहा. घरातला फोन नंबरही असाच शोधा. छायाचित्रे पाहायला विसरू नका. जे मिळेल त्याचा तक्ता करा: माहिती कोणती, कोठे आहे, कोणी टाकली आणि तिने कोणत्या प्रश्नाचे उत्तर मिळते.

तक्ता भरताना एक गंमत दिसेल. पुष्कळशी माहिती तुम्ही टाकलेलीच नसते. मामाने सर्वांना दिसेल अशी शुभेच्छा दिलेली असते: 'आज आमच्या चिनूचा तेरावा वाढदिवस!' झाले, दिवस, महिना आणि वर्षही कळले. बक्षीससमारंभाच्या बातमीत शाळेचे नाव असते; त्यावरून पिनकोडचा अंदाज येतो. दोन्ही गोष्टी कौतुकाच्या, पण एकत्र आल्या की बोट नेमके तुमच्याकडे वळते. उद्या एखादा भामटा आईला फोन करून तुमचे नाव, शाळा व जन्मतारीख अचूक सांगू लागला, तर तो शाळेतूनच बोलतो आहे असे तिला वाटणार नाही काय?

नको असलेली माहिती काढायची असेल, तर ती ज्याने टाकली त्यालाच सांगा. सर्च इंजिन हे ग्रंथालयातील सूचीसारखे आहे. सूचीतले कार्ड काढले तरी पुस्तक कपाटात राहतेच.

म्हणून मित्रांनो, घाबरू नका. पण इंटरनेटवर काही टाकण्यापूर्वी 'यातून कोणत्या प्रश्नाचे उत्तर जाते?' असे स्वतःला विचारा. आणि जन्मतारखेचा पासवर्ड कधीही ठेवू नका. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, जन्मतारीख बदलता येत नाही.