नोकरीसाठी अर्ज

'अर्ज', 'तारीख', 'नोकरी' हे शब्द उर्दूतही आहेत. तुम्हांला ते परके नाहीत. पण ओळखीच्या प्रत्येक शब्दाचा मराठीत तोच अर्थ होतो असे नाही. मालेगावच्या एका मुलाने कारकुनाच्या जागेसाठी अर्जात लिहिले, 'माझी शिक्षा बारावीपर्यंत झाली आहे.' शब्द हिंदीतून उचललेला. मराठीत शिक्षा म्हणजे सजा! हवे होते 'शिक्षण'. सरांनी वेळीच पाहिले म्हणून बरे.

पुढे होते, 'मला नोकरीची फार गरज आहे.' गरज तर प्रत्येक अर्जदाराला असते. सरांनी ते वाक्य खोडले व विचारले, "तुला काय येते?"

मुलगा दोन वर्षे शेजारच्या यंत्रमाग कारखान्याचा हिशेब लिहीत होता. अर्जात त्याचा उल्लेखच नव्हता! तो आता सुरुवातीलाच आला. दाखल्यांच्या प्रती जोडल्या. मूळ दाखले घरीच ठेवले.