न उघडलेला डबा

चि. मनूस,


दुपारी मेसचा डबा उघडावासा वाटत नाही आणि रात्री बारानंतर चहा, खारी, फरसाण थांबत नाही, असं तू लिहिलंस. वर 'माझा स्वतःवर ताबाच नाही' असा निकालही देऊन टाकलास. तो मला मान्य नाही. ज्याला तू स्वभावाचा दोष समजतेस ते बरंचसं शरीराचं कामकाज आहे. ते कळलं की उपायही बदलतो. निर्धार वाढवत बसण्यापेक्षा, परीक्षा होईपर्यंत जेवणाची वेळ भुकेच्या हाती सोपवू नकोस.

परीक्षेचा एकच ताण दुपारी भूक मारतो आणि रात्री तीच वाढवतो, हे विचित्र वाटेल. पण धोका जाणवला की अॅड्रेनलिन वाढतं, रक्त स्नायूंकडे वळतं, पचन मागे पडतं आणि घास घशाखाली उतरत नाही. सराव पेपरच्या दिवशी तुझं हेच होत असणार. हा जोर लवकर ओसरतो. कॉर्टिसॉल मात्र रेंगाळतं, आणि ताण रोजचाच झाला की तेही वरचेवर वाढत राहतं. संकटात खर्च झालेली शिदोरी पुन्हा भरून ठेवणं हे त्याचं एक काम. म्हणून ते खायला लावतं, आणि ओढ लागते ती गोडाची, तेलकटाची. तू दिवसभर खुर्चीवरून हललेली नसतेस, हे त्याला कुठून कळणार? 2001 साली अमेरिकेत एलिसा एपेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 59 स्त्रियांना प्रयोगशाळेत ताण येईल अशी कामं दिली. ज्यांचं कॉर्टिसॉल अधिक वाढलं, त्यांनी त्या दिवशी इतरांपेक्षा जास्त खाल्लं. ताण नसलेल्या दिवशी मात्र दोन्ही गटांचं खाणं जवळपास सारखंच होतं. म्हणजे सगळ्यांची शरीरं ताणाला सारखं उत्तर देत नाहीत. खोलीतल्या मैत्रिणीला रात्री भूक लागत नाही, यावरून स्वतःला कमी लेखू नकोस.

त्यात जागरणाची भर पडते. 2004 सालच्या एका प्रयोगात 12 तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं. दहा तास झोप मिळालेल्या रात्रींच्या तुलनेत पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन 18 टक्क्यांनी घटलं आणि भूक चाळवणारं घ्रेलिन 28 टक्क्यांनी वाढलं. प्रयोग लहान होता, त्यात स्त्रिया नव्हत्या. आकडे ब्रह्मवाक्य मानू नकोस. पण झोप कमी पडली की माणूस जास्त खातो, हे पुढेही पुन्हा पुन्हा दिसून आलं आहे.

मला वजनापेक्षा काळजी वाटते ती परत जाणाऱ्या डब्याची. त्यात वरण, उसळ, पालेभाजी असते. खारीत यातलं काहीच नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी 57 टक्के रक्तक्षयी आढळल्या. जेवणाबरोबर घेतलेला चहा अन्नातलं लोह नीट शोषू देत नाही, त्यामुळे जे थोडं खातेस त्यातलंही बरंचसं लोह वाया जातं. लोह कमी पडलं की थकवा येतो, वाचलेल्यावर मन ठरत नाही. मग अभ्यास मागे पडल्याची धास्ती वाटते, आणि ती धास्ती दुसऱ्या दिवशीचाही डबा परत पाठवते.

मेंदूला साखर लागते, असं तू म्हणशील. खरं आहे, विश्रांतीतही शरीराच्या ऊर्जेचा सुमारे पाचवा हिस्सा मेंदूच घेतो. पण ती साखर भात-पोळीतून मिळतेच, आणि सोबत वरण-उसळ असली तर सावकाश, बराच वेळ मिळत राहते. दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो : भूक नसताना जेवू नये, असं आपल्याकडची जुनी माणसं सांगतात. चिंतेत आणि भयात बेताने खाल्लेलं पथ्याचं अन्नही पचत नाही, हे चरकसंहितेतही आहे. ते मी खोडून काढणार नाही. म्हणूनच पूर्ण डबा संपव असं म्हणत नाही. अर्धी पोळी वरणात कुस्करून खा, वर लिंबू पिळ, वाटीभर ताक घे. पण मन शांत असताना भूक जसा खरा निरोप देते तसा ती सध्या देत नाहीये, आणि दुपारी तिचं ऐकलंस तर रात्री ती दामदुपटीने वसूल करते. वेळ नाही म्हणशील, तर एवढ्याला पंधरा मिनिटं पुरतात.

तेव्हा भूक असो-नसो, दीड वाजता डबा उघड. चहा जेवणानंतर तासाभराने घे. रात्री खावंसं वाटलंच तर फुटाणे-शेंगदाणे आणि गुळाचा खडा जवळ ठेव. तेवढं खाल्ल्याचा अपराध मानू नकोस, आणि त्याची भरपाई म्हणून सकाळचे पोहे टाळू नकोस. उपाशी काढलेली सकाळ रात्रीची ओढ वाढवते. पाळी चुकू लागली, खाल्लेलं उलटून काढावंसं वाटू लागलं किंवा वजन झपाट्याने उतरलं, तर मात्र परीक्षेपर्यंत थांबू नकोस, लगेच डॉक्टरांकडे जा. या आठवड्यात रक्त तपासून घे आणि हिमोग्लोबिन किती आलं ते कळव.

तुझी,
आत्या