माझा आवडता लेखक : व्यंकटेश माडगूळकर

‘माझा आवडता लेखक’ हा निबंध आला की जन्मगाव, पुस्तकांची यादी, पुरस्कार एवढं लिहून पान भरतं. तो लेखक आपल्याला का आवडतो, हे राहूनच जातं.

मला व्यंकटेश माडगूळकर आवडतात. ‘बनगरवाडी’ (१९५५) ही त्यांची कादंबरी. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर एक तरुण मास्तर रुजू होतो. पोरं मेंढरांमागे, मग शाळेत येणार कोण? तरी हळूहळू शाळा भरते, मास्तर वाडीचा होतो. पुढे दुष्काळ पडतो. माणसं जगायला बाहेर पडतात नि वाडी ओस पडते. ऊसतोडीला पालक निघाले, की वर्गातली पटापट रिकामी होणारी बाकं बघून मला हीच वाडी आठवते.

आता ‘नागझिरा’ घ्या. ही कादंबरी नाही. जंगलात राहून जे पाहिलं, ते त्यांनी लिहिलंय. कथानक नाही, तरी कंटाळा येत नाही. कारण समोर माणूस असो की जनावर, माडगूळकर आधी नीट बघतात, मग थोडक्यात सांगतात. ‘सत्तांतर’मध्ये तर वानरांच्या टोळीतला सत्तेचा झगडा आहे. ती कादंबरीच, पण निरीक्षण किती नि कल्पना किती, यावर वर्गात मस्त वाद होतो!

उपक्रम : आपल्या आवडत्या लेखकाचं एक गोष्टीचं आणि एक खऱ्या अनुभवाचं पुस्तक वाचा. दोन्हींत सारखं काय सापडलं, ते पाच वाक्यांत लिहा. जन्मतारीख नको.