औषध आणि जबडा

आगपेट्यांच्या कारखान्यांत पांढऱ्या फॉस्फरसच्या वाफेने कामगारांचे जबडे कुजत, हे १८४५ साली व्हिएन्नाच्या लोरिन्सर यांनी नोंदविले. तसेच जबडे २००३ साली अमेरिकेतील डॉ. मार्क्स यांना दिसले. या वेळी कारण होते औषध.

स्तनाचा कर्करोग हाडांत पसरला म्हणजे झोलेड्रॉनिक आम्ल देतात. ते हाडांची झीज थोपविते. परंतु जबड्याच्या हाडाची नित्याची डागडुजीही मंदावते. अशा वेळी दात उपटल्यास जखम कधी कधी भरत नाही, हाड उघडे पडते. हे क्वचितच घडते. म्हणून औषध सोडू नये, उपचारापूर्वी दात तपासून घ्यावेत.

आम्हां मळमड्डीकरांना सत्तूरचे दंतमहाविद्यालय जवळच आहे. घरी आई वा आजी हे औषध घेत असल्यास दंतवैद्यास ते आधी सांगण्याचे काम आम्हां विद्यार्थ्यांचे!