हाडाचा स्टेक की बोनलेस?

अमेरिकेतल्या मराठी वाचकांचा हा नेहमीचा प्रश्न. त्यामागे बहुधा एक समज असतो: हाड असलं की कॅल्शियम मिळतं. मटणवाल्याकडून नळी हक्काने मागून घेणाऱ्यांना तसं वाटणं साहजिक आहे. पण तासभर रटरटलेल्या रश्शातही हाडातलं कॅल्शियम फारसं उतरत नाही. स्टेक तर जाळीवर जेमतेम दहा-पंधरा मिनिटं असतो. आणि नळीत असते ती मुख्यतः चरबी.

रिब-आय हाडाचा घ्या वा बोनलेस, स्नायू तोच, चरबी तीच. टी-बोनमध्ये मणक्याच्या हाडाच्या एका अंगाला स्ट्रिप असते, दुसऱ्या अंगाला टेंडरलॉइन. कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल तर हाड कशाला बघता? तुकडा कुठला ते बघा. सरलॉइन किंवा टेंडरलॉइन घ्या, कडेची चरबी काढून टाका. हाडाचे स्टेक जाडजूड कापतात, हॉटेलात अर्धा किलोचाही सहज मिळतो. लाल मांस, शिजवल्यानंतरच्या वजनात, आठवड्याला 350 ते 500 ग्रॅमपर्यंतच ठेवावं, असं जागतिक कर्करोग संशोधन निधी सांगतो. म्हणजे एका जेवणात आठवड्याचा बराचसा वाटा संपला!

हाडालगतचं मांस उशिरा शिजतं, ही मात्र खरी अडचण. अमेरिकी कृषी खात्याच्या सूचनेनुसार स्टेक आतून 145 अंश फॅरनहाइटला (63 सेल्सिअस) पोचायला हवा आणि उतरवल्यावर किमान 3 मिनिटं तसाच ठेवायला हवा. थर्मामीटर कडेने, सर्वांत जाड भागात खुपसा. टोक हाडाला टेकलं तर आकडा चुकतो. पाकिटावर ‘मेकॅनिकली टेंडराइज्ड’ असं छापलेलं असेल, तर पात्यांनी किंवा सुयांनी टोचताना वरचे जंतू आत गेलेले असू शकतात. असा स्टेक आतून कच्चा ठेवू नका. गरोदर बायकांनी तर कुठलाच स्टेक तसा खाऊ नये.

ब्रिटनमध्ये डिसेंबर 1997 मध्ये हाडासकट बीफ विकायलाच बंदी आली आणि ती दोन वर्षं टिकली. कारण होतं मॅड काऊ रोग: मणक्यालगतच्या मज्जातंतूंच्या गाठींत त्याचा संसर्ग आढळला होता, आणि तो शिजवून जात नाही. अमेरिकेत आज 30 महिने किंवा त्याहून मोठ्या जनावराचा मणका माणसांच्या खाण्यात येऊ देत नाहीत. तेव्हा दुकानातल्या टी-बोनला त्या कारणासाठी घाबरू नका.

बोनलेस घेऊन निर्धास्त होणाऱ्यांना एवढंच सांगेन, की मोठ्या माणसांच्या अन्ननलिकेत अडकतो तो बऱ्याचदा नीट न चावलेला मऊ मांसाचाच घास. डॉक्टर त्याला ‘स्टेकहाउस सिंड्रोम’ म्हणतात. कवळी असणाऱ्यांनी तुकडे बारीक करावेत. घास अडकून थुंकीही गिळता येईना, तर वरून पाणी पिऊन तो ढकलू नका, थेट इमर्जन्सी गाठा. आणि असं पुन्हा पुन्हा होत असेल तर दुर्बिणीने अन्ननलिका तपासून घ्या, ती आतून अरुंद झालेली असू शकते.