ट्रॉलीच्या टेकूची पिन : बिघाड, कारणे व उपाय

दशरथाच्या रथाची खीळ निसटली तेव्हा कैकेयीने तिच्या जागी आपले बोट घातले, अशी लोककथा आपण सर्वांनी ऐकली आहे. कथेत त्या बोटाच्या मोबदल्यात वर मिळाले. आपल्याकडे मात्र ट्रॉलीच्या भोकात बोट घालून पिनेची जागा चाचपणाऱ्या माणसाला बोट गमवावे लागण्याचाच संभव अधिक. थोडक्या किमतीची ही लोखंडी पिन कित्येक क्विंटलांचा भार पेलत असते. ती वाकली वा तुटली की नवी ठोकून काम पुढे रेटण्याकडे आपला कल असतो. परंतु पिन उगाच वाकत नाही. तिच्या वाकण्यात एखाद्या दोषाची सूचना असते. ती सूचना कशी वाचावी आणि दुरुस्ती कशी करावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

टेकूची रचना

दोन चाकी ट्रॉलीचा सर्व भार चाकांवर नसतो. काही भार पुढे ट्रॅक्टरच्या हुकावर येतो. ट्रॅक्टर सोडविला की हा भार पेलण्यासाठी ट्रॉलीच्या दांड्याखाली एक पाय असतो. त्याला कोठे स्टँड म्हणतात, तर कोठे जॅक. या लेखात आपण त्याला टेकू म्हणू. बहुधा त्यात एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या असतात. दोन्ही नळ्यांना समोरासमोर भोके असून त्यांतून आडवी पिन घातली की टेकूची उंची कायम राहते. बंदरांतून कंटेनर वाहून नेणाऱ्या लांब सेमी-ट्रेलरलाही पुढील बाजूस असेच दोन पाय असतात. त्यांची घडण मोठी व यंत्रणा दातेरी चक्रांची असली, तरी तत्त्व एकच आहे.

या पिनेला दोन कामे करावी लागतात. ट्रॉली उभी असताना ती भार पेलते. ट्रॉली चालू असताना ती वर उचललेला पाय जागच्या जागी धरून ठेवते. दुसरे काम हलके वाटते. पण रस्त्यात पिन निसटली, तर पाय खाली येऊन जमिनीत रुततो आणि ट्रॉलीला हिसका बसतो. मागून येणाऱ्या सायकलस्वारास वा पादचाऱ्यास याची पूर्वसूचना मिळत नाही.

भार किती येतो?

हे समजण्यास शाळेत शिकविला जाणारा तरफेचा नियम पुरेसा आहे. समजा, ट्रॉली व माल यांचे मिळून वजन ६ टन आहे. टेकू आसापासून ३ मीटर पुढे आहे आणि एकूण वजनाचा गुरुत्वमध्य आसाच्या अर्धा मीटर पुढे आहे. अशा वेळी टेकूवर १ टन भार येईल. तोच माल पुढच्या बाजूस अधिक रचल्याने गुरुत्वमध्य आणखी अर्धा मीटर पुढे सरकला, तर टेकूवर २ टन भार येईल. माल तेवढाच, ट्रॉली तीच. केवळ रचना बदलल्याने पिनेवरील ताण दुप्पट झाला. म्हणूनच भरलेली ट्रॉली टेकूवर उभी करून ठेवणे शक्य तो टाळावे.

पिनेच्या जाडीचाही असाच हिशेब आहे. २० मिलिमीटर जाडीच्या पिनेऐवजी १६ मिलिमीटरची पिन घातली, तर जाडी केवळ एक पंचमांशाने कमी होते. परंतु कातरली जाण्यास तिचा विरोध सुमारे ६४ टक्के उरतो आणि वाकण्यास विरोध जवळजवळ निम्म्यावर येतो. 'थोडी बारीक आहे, पण चालेल' हे म्हणणे किती महाग पडू शकते, हे यावरून ध्यानात येईल.

खुणा ओळखाव्यात

पिन काढल्यावर ती फेकून न देता प्रथम तिचे व भोकांचे नीट निरीक्षण करावे.

(१) पिन मध्यभागी वाकली असेल, तर भार प्रमाणाबाहेर झाला, पिन बारीक होती, किंवा दोन नळ्यांमधील मोकळीक वाढली आहे, असे समजावे.

(२) पिनेवर दोन ठिकाणी खाचा पडल्या असतील, तर पिन भोकात सैल असून चालत्या ट्रॉलीच्या धक्क्यांनी झिजत आहे.

(३) भोके लांबट झाली असतील, तर ती कोणत्या दिशेने लांबली ते पाहावे. उभ्या भाराने बाहेरच्या नळीचे भोक वरच्या कडेला आणि आतल्या नळीचे भोक खालच्या कडेला दबते. भोक पुढे-मागे पसरले असेल आणि आतली नळीही मागे झुकली असेल, तर टेकू जमिनीला टेकलेला असतानाच ट्रॉली ओढली गेली आहे.

(४) पिन वारंवार हरवत असेल, तर दोष पिनेचा नसून तिला अडविणाऱ्या क्लिपचा आहे. क्लिपच्या जागी तार किंवा खिळा वाकवून लावला असल्यास तो धक्क्याने निसटतो.

(५) टेकू जेथे दांड्याला जोडला आहे, तेथील वेल्डिंगला केसासारखी चीर गेली आहे काय, हे माती व ग्रीस पुसून पाहावे.

एका हंगामात एकाच ट्रॉलीची पिन तीनदा वाकली, असे समजू. मालकाने तीनदा नवी पिन आणली, तिसऱ्या वेळी अधिक जाड आणली, भोकेही मोठी केली. परंतु टेकू पूर्ण वर उचलण्याआधीच ट्रॅक्टर पुढे घेण्याची सवय बदलली नाही. चौथ्या वेळी जाड पिन टिकेल. पण फाटेल ती नळी. दुरुस्ती पिनेची झाली, कारणाची झाली नाही.

दुरुस्तीपूर्वीची सावधगिरी

दुरुस्तीपूर्वी ट्रॉली रिकामी करून सपाट व टणक जमिनीवर घ्यावी. चाकांना पुढून व मागून ठोकळे लावावेत. दांड्याखाली भक्कम लाकडी ओंडके आडवे-उभे रचून भार त्यांवर घ्यावा. विटांचा आधार देऊ नये. वीट भाराखाली अचानक फुटते. केवळ हायड्रॉलिक जॅकवर विसंबून कोणीही ट्रॉलीखाली शिरू नये. भोके समोरासमोर आली आहेत काय, हे बॅटरीच्या उजेडात डोळ्यांनी पाहावे किंवा टोकदार कांबेने जुळवावे. बोट कदापि घालू नये. भार किंचित हलला तरी दोन नळ्या कात्रीसारखे काम करतात.

दुरुस्तीची पद्धत

अडकलेल्या पिनेवर घणाचे घाव घालण्यापूर्वी तिच्यावरील भार काढून घ्यावा. गंजावर तेल सोडून काही वेळ थांबावे. मग पिनेपेक्षा किंचित बारीक कांबेने ती ठोकून काढावी. फार वाकली असल्यास करवतीने कापून काढणे श्रेयस्कर.

काढलेली पिन सपाट पत्र्यावर गडगडवून पाहावी. ती डुगडुगली तर वाकलेली आहे. अशी पिन तापवून व ठोकून सरळ करू नये. तापविल्याने पोलादाला दिलेले पाणी उतरते आणि ती पूर्वीइतकी मजबूत राहत नाही. नखाला खाच लागत असेल, तरीही पिन बदलावी.

नवी पिन मूळ जाडीचीच घ्यावी. बांधकामाच्या सळईचा तुकडा वापरू नये. तिच्या कंगोऱ्यांमुळे ती भोकात सर्वत्र टेकत नाही. नाइलाजाने बोल्ट वापरावा लागला, तर आटे नसलेला भाग दोन्ही नळ्यांच्या पूर्ण रुंदीत आला पाहिजे, कारण आट्यांपाशी बोल्ट कमजोर असतो. बोल्टच्या डोक्यावरील आकडाही वाचावा. ८.८ खुणेच्या बोल्टची ताणशक्ती ४.६ खुणेच्या बोल्टच्या दुप्पट असते.

लांबट झालेले भोक मोठे करून जाड पिन घालणे ही सोपी वाट दिसते. तथापि त्यामुळे भोकाभोवतीची धातू कमी होते. जाणकार वेल्डरकडून भोकावर जाड पट्टी किंवा बुश बसवून घ्यावे आणि दोन्ही बाजूंचे भोक एका रेषेत, मूळ मापाचे पाडून घ्यावे. काम पूर्ण झाल्यावर ट्रॉली प्रथम रिकामी उभी करून पाहावी आणि पहिल्या खेपेनंतर पिन पुन्हा तपासावी. पिन साखळीने ट्रॉलीला बांधलेली असावी. एक जादा पिन व दोन क्लिपा हत्याराच्या पेटीत ठेवाव्यात.

गावाची जबाबदारी

गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या रात्रंदिवस गावातून जातात. त्याच रस्त्याने मुले शाळेत जातात. म्हणून ट्रॉलीची पिन ही केवळ मालकाची खाजगी बाब राहत नाही. हंगामापूर्वी ग्रामपंचायतीने एक दिवस ठरवून गावातील सर्व ट्रॉल्या पटांगणात बोलवाव्यात. जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील निदेशकांस त्या दिवशी निमंत्रण द्यावे. टेकू, हुकाची पिन, वेल्डिंग व मागील परावर्तक यांची तपासणी करून घ्यावी. शिक्षकांनी तरफेचा धडा त्या दिवशी ट्रॉलीपाशीच घेतला, तर मुलांना तो जन्मभर लक्षात राहील आणि घरी गेल्यावर वडिलांना 'टेकू पूर्ण वर घेतला का?' असे विचारणारे कोणी तरी असेल.

खीळ लहान असली तरी तिच्यावर सारा रथ चालतो. तिच्या जागी कोणाचे बोट जाऊ नये, एवढी दक्षता घेणे आपल्या हाती आहे.